एक मोठी नको, दोन घ्या

टीव्हीच्या मागे तळहाताएवढा कॉम्प्युटर बसवायचा, घरातले सिनेमे, गाणी, फोटो, लग्नामुंजीची चित्रीकरणं त्याला जोडायची आणि रिमोटवरून हवं ते लावायचं, ही सोय आता कुणाही हौशी माणसाच्या आवाक्यात आली आहे. रास्पबेरी पाय घ्या, नाहीतर इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा एखादा मिनी पीसी. कोडी आणि जेलीफिन ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. कॉम्प्युटर कोणता घ्यावा यावर लोक आठवडाभर चर्चा करतात आणि डिस्क मात्र दुकानदार काउंटरवर ठेवेल ती उचलून आणतात. माझं सांगणं उलट आहे. कॉम्प्युटर बिघडला तर दुसरा आणता येतो. डिस्क गेली तर तिच्यावरचं गेलं. तेव्हा डोकं चालवायचं ते डिस्कसाठी, आणि चार पैसे बाजूला ठेवायचे तेही तिच्यासाठीच.

खरेदीला निघण्याआधी एक काम करा. या डिस्कवर काय काय जाणार आहे ते कागदावर लिहा आणि त्याचे दोन भाग पाडा. एका भागात पुन्हा मिळेल ते, दुसऱ्यात पुन्हा मिळणार नाही ते. तुमच्याकडच्या सिनेमांच्या डीव्हीडी आणि गाण्यांच्या सीडी पहिल्या भागात गेल्या; वेळ जाईल, पण त्या परत कॉपी करता येतील किंवा विकत मिळतील. आजीच्या आवाजातल्या ओव्यांची कॅसेट, बारशाची व्हीएचएस, वडिलांनी निवृत्तीच्या दिवशी केलेलं भाषण, हे मात्र जगात दुसरीकडे कुठेही नाही. व्हीसीआर बनवत राहिलेली जपानची फुनाई कंपनी २०१६च्या जुलैत थांबली, आणि चालू स्थितीतलं यंत्र मिळणं दरवर्षी अवघड होत चाललं आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत टेपवर पांढरी बुरशी धरते ती वेगळीच. अशा कॅसेट घरात असतील तर त्या आधी डिजिटल करून घ्या. नवे सिनेमे नंतर भरा.

या दुसऱ्या भागाला जागा किती लागते? लोकांना वाटतं त्याहून बरीच कमी. तासाभराची मिनी-डीव्ही कॅसेट मूळ दर्जात उतरवली तर साधारण १३ जीबी होते. व्हीएचएस डीव्हीडीच्या दर्जात उतरवली तर तासाला दोन-अडीच जीबी. ऑडिओ सीडी दर्जा न घटवता फ्लॅकमध्ये ठेवली तर तीनशे-चारशे एमबी. तीस तासांच्या मिनी-डीव्ही कॅसेट म्हणजे सुमारे ४०० जीबी झाले. मध्यमवर्गीय घराची मोलाची चित्रीकरणं आणि फोटो बहुतेक वेळा एक-दोन टीबीत मावतात. जागा खातात ते सिनेमे. एका ब्ल्यू-रे डिस्कची क्षमताच २५ किंवा ५० जीबी असते. म्हणजे चार-आठ टीबीची मोठी डिस्क आपण घेतो ती बहुतांशी पुन्हा मिळणाऱ्या गोष्टींसाठी. हे एकदा लक्षात आलं की पैसे कुठे घालायचे ते आपोआप कळतं.

दुकानात पहिली गोष्ट ऐकू येते ती वेगाची. "सर, एसएसडीच घ्या, हार्ड डिस्क आता कोण घेतं?" ऑफिसच्या लॅपटॉपसाठी ते बरोबर आहे. सिनेमा पाहण्यासाठी किती वेग लागतो याचा हिशोब मात्र करून बघा. फोर-के ब्ल्यू-रे हा घरात येणारा सगळ्यात जड सिनेमा. त्याचा प्रवाह जास्तीत जास्त सेकंदाला १२८ मेगाबिट असतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला १६ मेगाबाइट. साधी, हळू म्हणून नावं ठेवली जाणारी हार्ड डिस्कसुद्धा सेकंदाला शंभराच्या आसपास मेगाबाइट वाचते. जुन्या यूएसबी २.० पोर्टमधूनही प्रत्यक्षात तीसेक मेगाबाइट सहज निघतात. सिनेमा अडखळत असेल तर बहुतेक वेळा दोष वायफायचा असतो, नाहीतर त्या फाइलचा कोडेक (चित्र-आवाज दाबून साठवण्याची पद्धत) कॉम्प्युटरला पेलत नसतो. सिनेमांच्या साठ्यासाठी एसएसडीवर दुप्पट-तिप्पट पैसे मोजून पडद्यावर काहीही फरक दिसत नाही.

एसएसडी लागते ती दुसऱ्या कामासाठी. मीडिया सेंटरची ऑपरेटिंग सिस्टीम, सिनेमांची सूची, पोस्टरची शेकडो छोटी चित्रं, कुठला भाग कुठपर्यंत पाहिला याच्या नोंदी, हे सगळं बारीकबारीक तुकड्यांत सतत वाचलं-लिहिलं जातं. हार्ड डिस्कला अशा प्रत्येक तुकड्यासाठी आपली वाचणारी सुई हलवावी लागते आणि दर खेपेला दहा-बारा मिलिसेकंद जातात. एसएसडीत हलणारं काहीच नाही, ती एका मिलिसेकंदाच्याही अंशात उत्तर देते. यादी खाली सरकवताना पोस्टर झटकन येतात की एकेक करून उमटतात, हा फरक इथून येतो. त्यासाठी २५६ जीबीची साधी एसएसडी भरपूर झाली. १२८ मिळाली तरी चालेल. सिस्टीम छोट्या एसएसडीवर आणि साठा मोठ्या हार्ड डिस्कवर ही विभागणी मला आजवर सगळ्यात समाधानाची वाटली आहे.

मिनी पीसीसाठी एसएसडी घेताना खाच नीट बघा. एम.२ नावाच्या लांबट पट्ट्या दिसायला सारख्याच असतात, पण त्यांत साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. साटाच्या पट्टीला बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक. तुमच्या मशीनला कुठली चालते ते मॅन्युअलमध्ये पाहूनच घ्या. रास्पबेरी पाय ५ साठी कंपनीचा जो एम.२ हॅट, म्हणजे वर बसवायचा जोडबोर्ड, मिळतो त्यात २२३० आणि २२४२ एवढ्याच मापाच्या, म्हणजे ३० किंवा ४२ मिलिमीटर लांबीच्या पट्ट्या बसतात. बाजारात सर्रास मिळणारी ८० मिलिमीटरची त्यात बसत नाही.

रास्पबेरी पाय मेमरी कार्डवरच चालवायची पद्धत आहे. सुरुवात करून बघायला ते ठीक, कायमचं नको. कार्ड सततच्या लिहिण्याने झिजतं, आणि लाइट गेल्यावर सिस्टीम बिघडण्याच्या तक्रारी कार्डाच्याच जास्त असतात. पाय ४ आणि ५ दोन्ही यूएसबीवरच्या एसएसडीवरून सुरू होतात, तेव्हा ती सोय वापरा. कार्डच वापरणार असाल तर ए१ किंवा ए२ छापलेलं घ्या. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० वाचनं आणि ५०० लेखनं करण्याची हमी. पेन ड्राइव्ह फक्त नेण्या-आणण्यासाठी ठेवा. दोन हजार रुपयांत '१६ टीबीची एसएसडी' दाखवणाऱ्या जाहिरातीकडे फिरकूसुद्धा नका. तसल्या डबीत एखादं छोटं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि ते कॉम्प्युटरला खोटी क्षमता सांगतं. ते भरल्यावर नवीन फाइल जुनीवर लिहिली जाते, आणि हे तुम्हाला महिन्यांनी कळतं. कुठलंही नवं कार्ड किंवा पेन ड्राइव्ह आणलं की विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ हे फुकट सॉफ्टवेअर रात्रभर चालवा. ते पूर्ण क्षमतेएवढं लिहून परत वाचून बघतं.

आता मोठी हार्ड डिस्क. हिची दोन मापं आहेत. अडीच इंची पोर्टेबल डिस्क लहान, शांत, आणि तिला वेगळा अडॅप्टर लागत नाही. हे सोयीचं आहे आणि त्रासही इथेच आहे, कारण ती सगळी वीज यूएसबीतून ओढते. रास्पबेरी पाय ४ चे चारही पोर्ट मिळून १.२ अँपिअर देऊ शकतात. पाय ५ ला त्याचा स्वतःचा ५ अँपिअरचा अडॅप्टर जोडला तर १.६ अँपिअर मिळतात, ३ अँपिअरचा जोडला तर फक्त ६०० मिलिअँपिअर. पोर्टेबल डिस्क फिरायला सुरुवात करताना क्षणभर यापेक्षा जास्त मागू शकते. मग पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते किंवा कमी व्होल्टेजची सूचना येते. डिस्कमधून बारीक 'टक्' असा आवाज येतो, तिचा दिवा विझून पुन्हा लागतो आणि सिनेमा जिथल्या तिथे थांबतो. पुष्कळ लोक या टप्प्यावर डिस्क खराब आहे म्हणून परत करायला निघतात. तिला फक्त वीज पुरत नसते. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावला की हे थांबतं. हे दुखणं अंगावर काढू नका, कारण असं वारंवार बंद-चालू होण्यात डिस्कचं आयुष्य कमी होतं आणि फाइलीही बिघडतात.

साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, थोडा आवाज असतो, पण टीबीमागे ती स्वस्त पडते आणि वर्षानुवर्षं एका जागी चालण्यासाठी ती बरी. ५४०० फेऱ्यांची घ्या. ७२०० ची इथे गरज नाही, ती जास्त तापते आणि रात्री शांत खोलीत ऐकू येते. सीसीटीव्हीसाठी विकल्या जाणाऱ्या डिस्क चोवीस तास चालायलाच बनवलेल्या असतात आणि तालुक्याच्या गावातही मिळतात. मीडिया सेंटरच्या साठ्यासाठी त्या बिनदिक्कत वापरा.

डिस्कच्या माहितीपत्रकात सीएमआर आणि एसएमआर असे दोन शब्द दिसतील. एसएमआरमध्ये डिस्कवरच्या लेखनाचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त मावतं, पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची ओळ उचलावी लागते, तसं जुन्या जागी नवीन लिहिताना ही डिस्क रेंगाळते. यावरून तिला टाकाऊ ठरवणारे खूप आहेत. मीडिया सेंटरच्या बाबतीत ते मला पटत नाही. आपण सिनेमा एकदा लिहितो आणि पन्नासदा वाचतो, आणि वाचायला ती कुठेच कमी पडत नाही. पहिल्यांदा सगळं भरताना ती संथ होईल, तेवढं सोसा. अनेक डिस्क एकत्र जोडून रेड करायचं असेल तरच एसएमआर टाळा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या, पुण्याच्या तापकीर गल्लीत घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, पैसे चुकते झाले म्हणजे काम झालं असं समजू नका. डिस्कच्या लेबलावर मॉडेल आणि सिरीयल क्रमांक असतो. तो कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर घालून बघा. वॉरंटी किती शिल्लक आहे आणि ती भारतात लागू आहे का, दोन्ही लगेच कळतं. मग डिस्क जोडा आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर उघडा. त्यातल्या तीन ओळी वाचा. पॉवर-ऑन अवर्स म्हणजे डिस्क आजवर किती तास चालली. नव्या डिस्कवर हा आकडा शून्य किंवा अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढा हवा. हजारांत असेल तर ती कुठल्यातरी ऑफिसातून निघालेली आहे, तिच्यावर वेष्टन कितीही नवं असो. रीअलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर या दोन ओळींची मूळ संख्या शून्य हवी. या ओळींपुढे आकडा दिसला आणि तो महिन्यागणिक वाढत गेला तर डिस्क जाण्याच्या मार्गाला लागली आहे. जुन्या लॅपटॉपची डिस्क केसिंगमध्ये घालून वापरायचा विचार असेल तर हीच तपासणी आधी करा. १ टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबी दाखवतं, त्याने मात्र घाबरू नका; कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक.

घरात डिस्क ठेवण्याची जागाही ठरवून निवडा. बहुतेक हार्ड डिस्कची कामाची कमाल मर्यादा ६० अंश सेल्सिअस असते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच चाळिशी पार करते, आणि टीव्हीखालच्या बंद कपाटात डिस्कचं तापमान त्याहून दहा-पंधरा अंश वर जातं. कपाटाची मागची फळी कापा किंवा डिस्क बाहेर ठेवा. सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर तर मुळीच नको.

लाइट जाण्याचा धोका याहून मोठा. डिस्क लिहीत असताना वीज गेली तर नुसती ती फाइलच नाही, अख्खी सूचीही बिघडू शकते. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा पुढे यूपीएस आणि इको असं बटण असतं का ते बघा. इको मोडमध्ये बदल व्हायला जो क्षण जातो त्यात छोटे कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होतात. यूपीएस मोडमध्ये सहसा पडत नाहीत. इन्व्हर्टर नसेल तर एक छोटा यूपीएस घ्या. मीडिया सेंटर आणि डिस्क मिळून फारच थोडी वीज खातात, त्यामुळे साधा ६०० व्हीएचा यूपीएससुद्धा नीट बंद करण्यापुरता वेळ सहज देतो.

फॉरमॅटचा निर्णय एकदाच करायचा असतो, म्हणून तो भरण्याआधी करा. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, तेव्हा ते बाद. एक्सफॅट सगळीकडे चालतं, पण त्यात बदलांची नोंदवही ठेवण्याची सोय नाही, म्हणून अचानक वीज जाण्याने त्याचं जास्त नुकसान होतं. मीडिया सेंटर लिनक्सवर चालत असेल आणि डिस्क कायम जोडलेलीच राहणार असेल तर ईएक्सटी४ करा. कपाटात ठेवायच्या प्रतीचं फॉरमॅट मात्र घरातल्या कुणाच्याही लॅपटॉपवर उघडेल असं, एनटीएफएस किंवा एक्सफॅट, हवं. तुम्ही उद्या गावाला असाल, आजारी असाल, किंवा नसालही. तुमच्या बायकोला किंवा मुलीला ती डिस्क जोडल्याबरोबर फोटो दिसले पाहिजेत. पासवर्ड घातला असेल तर तो घरात आणखी एकाला माहीत असू द्या.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते सांगतो. आठ टीबीची एक डिस्क घेण्याएवढे पैसे जमवले असतील तर चार टीबीच्या दोन घ्या. दुसरी डिस्क ही चैन नाही, पहिलीच्या किमतीचाच तो भाग आहे. वॉरंटी डिस्कची असते, तिच्यावरच्या मजकुराची नसते. कंपनी तुम्हाला कोरी डिस्क देते आणि जुनी ठेवून घेते. डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, पण त्यांचा खर्च डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट असतो आणि तरीही सगळं मिळेलच असं कुणी लिहून देत नाही. हार्ड डिस्क जाताना पुष्कळदा आवाज तरी करते. एसएसडी काल चालू असते आणि आज दिसतच नाही.

दोन डिस्क एका डब्यात घालून रेड करणं म्हणजे प्रत ठेवणं नव्हे. तिथे एका डिस्कवरचं पुसलं की दुसरीवरचंही त्याच क्षणी पुसलं जातं. नातवाने फोल्डर डिलीट केलं, लाइट जोरात आली, डबाच चोरीला गेला, तर दोन्ही एकदमच गेल्या. एका टीव्हीच्या घराला रेडची गरज नाही. दुसरी डिस्क एरवी सुटी, वीज न जोडलेली, वेगळ्या कपाटात हवी. महिन्यातून एकदा जोडायची, नवीन आलेलं चढवायचं, काढून ठेवायची. छायाचित्रकारांमध्ये रुजलेला ३-२-१ चा नियम पुन्हा न मिळणाऱ्या भागाला तरी लावा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. ही तिसरी प्रत छोटीशीच असणार, वर हिशोब केला तसा. ती बहिणीच्या घरी ठेवा, गावच्या घरी ठेवा. गणपतीला नाहीतर दिवाळीला जाणं होतंच, तेव्हा नवी प्रत न्यायची आणि जुनी परत आणायची. कोकणात ठेवणार असाल तर सिलिका जेलच्या दोन-चार पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कपाटात पडून राहणारी ही प्रत हार्ड डिस्कवरच करा. एसएसडी विजेशिवाय फार काळ ठेवायची वस्तू नाही. घरगुती एसएसडीसाठीचं उद्योगाचं मानक असं की तिचं लेखनाचं ठरलेलं आयुष्य वापरून झाल्यावर ती ३० अंशांत, वीज न लावता, एक वर्ष मजकूर धरून राहावी. नवी असेल तर जास्त टिकेल, पण आपल्याकडचा उन्हाळा ३० अंशांवर थांबत नाही.

आणि प्रत केली म्हणजे उघडूनही बघा. वर्षातून एकदा त्या सुट्या डिस्कवरचे कुठलेही पाच व्हिडिओ सुरुवात, मध्य आणि शेवट असे लावून पाहा. दर पाच-सहा वर्षांनी डिस्क चालू असली तरी नवी आणून तिच्यावर सगळं हलवा आणि जुनीला तिसरी प्रत करा.

ज्यांच्याकडे आज एकच डिस्क आहे त्यांना माझी कळकळीची विनंती. नवा कॉम्प्युटर, मोठा टीव्ही, साउंडबार, सगळं पुढच्या महिन्यावर ढकला. येत्या रविवारी बाजारात जा, एक-दोन टीबीची साधी पोर्टेबल हार्ड डिस्क आणा, आणि सिनेमांना हात न लावता पहिल्यांदा घरच्या माणसांचे आवाज आणि चेहरे तिच्यावर उतरवून घ्या.